बिनवासाची पिंपं

कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, नाकवाली काकू कुठं राहतात म्हणून. तो आधी एखादा किस्सा सांगेल आणि मग रस्ता दाखवेल. कुणी म्हणेल, काकूंनी पिंपाचं बूच नुसतं सैल केलं आणि आत काय होतं ते सांगून टाकलं. कुणी म्हणेल, जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा काकूंनी दारातच ओळखलं की गड्यानं शर्टावरचा डाग पेट्रोलनं काढलाय. यातलं निम्मं खरं, निम्मं तिखटमीठ लावलेलं. नाक म्हणाल तर बसकं, चारचौघींसारखंच. पण त्या नाकावर एक अख्खी वखार चालत होती.

वखार पिंपांची. कारखान्यांत रसायनं येतात ती पिंपांतून, काही लोखंडी, काही निळ्या जाड प्लास्टिकची. आतला माल संपला की रिकामी पिंपं दलाल उचलतो आणि काकूंच्या आवारात आणून टाकतो. तिथं ती धुवायची, पोचे काढायचे आणि विकायची. गिऱ्हाइकांना तोटा नव्हता, कारण त्या वस्तीत नळाला पाणी येतं ते त्याची मर्जी असेल तेव्हा, आणि ज्याच्या घरी पिंप नाही त्याच्या घरी पाणी नाही.

पण सगळीच पिंपं पाण्याच्या लायकीची नसतात, आणि ते ठरवायचं काम काकूंचं. त्या हुंगायच्या. बुचाला नाक लावून नव्हे हं, तसं करणारा मूर्ख. बूच सैल करायचं, तळहातानं थोडा वारा आपल्याकडे ओढायचा आणि लगेच तोंड फिरवायचं. थिनर गोडसर, डोक्यात चढणारा. फॉर्मालिन नाकाआधी डोळ्यांना कळतं. अमोनियाला तर हुंगावंच लागत नाही, तोच तुम्हाला शोधत येतो. वास आला की काकू म्हणायच्या, "भोकाचं." मग त्यांचा मुलगा ते पिंप उलटं करून बुडाला छिन्नीनं भोकं पाडायचा. आता त्यात झाड लावा, कचरा भरा, काय हवं ते करा, पण त्यातलं पाणी कुणाच्या पोटात जायचं नाही. वास नसला तर पुढची परीक्षा. आतला थेंब चुन्याच्या खड्यावर टाकायचा, फसफसलं की ॲसिड. बोटांवर चोळायचा, बोटं बुळबुळीत झाली की कॉस्टिक सोडा. यातलं काहीच नाही झालं तर "पाण्याचं." हे दोनच शब्द, आणि त्यावर अपील नाही.

"लोखंड विसरतं, प्लास्टिक विसरत नाही," हे काकूंचं आवडतं वाक्य. लोखंडी पिंप गरम पाण्यानं खसाखसा घासलं की थिनर निघून जातो. प्लास्टिकच्या भिंती तो पिऊन बसतात. दहा वेळा धुवा, उन्हात ठेवलं की पुन्हा वास सोडतात. "अगदी माझ्या सासूसारखं," काकू म्हणायच्या, "वीस वर्षांनीसुद्धा काढून दाखवायची." आणि स्वतःच खो खो हसायच्या.

या नाकाला एवढा मान मिळाला तो मात्र फुकट नव्हता मिळाला. नवरा होता तेव्हा काकू फक्त पिंपं धुवायच्या आणि त्याच्याशी वाद घालायच्या. एकदा कुणाला तरी जनावरांना पाणी पाजायला लोखंडी पिंप आडवं कापून हवं होतं. नवऱ्याला त्या दिवशी सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. काकू मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या. "रिकामंच तर आहे," असं गिऱ्हाइकाला म्हणून त्यानं गॅसचा कटर पेटवला. भरलेलं पिंप एक वेळ तोंडापाशी जळतं, पण रिकाम्या पिंपात वाफ असते आणि हवा असते, आणि ती दोघं ठिणगीचीच वाट बघत असतात. झाकण उडालं ते सरळ त्याच्या छातीवर बसलं. लेक तेव्हा आठवीत होती, मुलगा तिच्याहून लहान. काकूंनी पुढं कितीतरी वर्षं तेच तेच म्हटलं, "मला एक हाक मारली असती. मी लांबूनच सांगितलं असतं, थिनर आहे म्हणून."

तेव्हापासून त्यांनी हुंगल्याशिवाय वखारीतलं पिंप जागचं हललं नाही. कापायचं पिंप आधी गळ्यापर्यंत पाण्यानं भरायचं, मग कटर पेटवायचा. आवारात प्लास्टिकचा तुकडा जाळायचा नाही, पाइपचे तुकडे तर अजिबातच नाही, त्यांचा धूर नरड्यात ॲसिड ओततो. मुलगा कधी कंटाळून म्हणायचा, "आई, तू पोलिसात हवी होतीस." त्यावर काकू म्हणायच्या, "पोलीस मेल्यावर येतात रे, मी आधी येते."

लेकीच्या लग्नानंतरच्या एका वर्षी पाण्याची ओरड जास्तच होती. अशात एक दिवस दलाल निळी पिंपं घेऊन आला. हा दलाल म्हणजे साखरेत घोळलेला माणूस, सगळे त्याला गोडबोल्याच म्हणायचे. पिंपं कोरी करकरीत, एक पोचा नाही. लेबलं तेवढी खरवडून काढलेली.

"कशाची रे?" काकूंनी विचारलं.

"पाकाची, काकू. मिठाईच्या कारखान्यातली. तुमच्यासाठी राखून ठेवली होती."

"माझ्यासाठी? तू तुझ्या आईसाठी काही राखणार नाहीस."

काकूंनी बूच सैल केलं, वारा ओढला. काही नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. थेंब चुन्यावर टाकला, तो मुकाट्यानं जिरला. बोटांवर चोळला, बुळबुळ नाही, आग नाही, किंचित चिकटपणा तेवढा. बुचाच्या आट्यांत पांढरे कण अडकले होते, साखरेसारखे. पाकाचं पिंप आलं की त्याच्यामागून मुंग्यांची पलटण येते आणि काकूंच्या नाकी नऊ येतात. या पिंपांवर मुंगी म्हणून नव्हती. "चला," काकू म्हणाल्या, "मुंग्यांचा तरी ताप वाचला. पाण्याची."

पिंपं हातोहात खपली. बाकीची निदान एकदा तरी खळबळून गेली, पण सगळ्यांत चांगलं पिंप काकूंनी आधीच बाजूला काढलं होतं, ते लेकीसाठी. जावई हातगाडी घेऊन आला आणि घाई करायला लागला, टँकर यायची वेळ झाली म्हणून. काकूंनी तळाशी उरलेलं हातानंच ओतून दिलं, बादलीभर पाणी आत फिरवलं आणि पिंप गाडीवर चढवलं. लेकीच्या सासूबाईंनी ते चुलीजवळच्या कोपऱ्यात मांडलं, खाली तोटी बसवून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. "आमच्या विहीणबाईंनी दिलंय. निवडून दिलंय." दोघी विहिणींचं तोवर फारसं जमत नव्हतं. लग्नातलं काहीतरी अडून बसलं होतं. त्या पिंपानं ते सुटलं आणि काकूंना बरं वाटलं.

तसली पिंपं मग येतच राहिली. वासाच्या पिंपांना काकू रबरी हातमोजे घालायच्या, पण या स्वच्छ पिंपांना कशाला? तळाशी पेलाभर, दोन पेले उरलेलं असायचं, ते उघड्या हातांनी ओतायचं, पिंप पुसून घ्यायचं, पुढचं घ्यायचं.

कधीतरी काकूंच्या तळहातांची सालं निघायला लागली. हात सदा ओलसर, घामेजलेले. कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणाला, साबण बदला. साबण बदलला. मग सुईत दोरा ओवता येईना, तर सगळे म्हणाले, चष्मा बदला. एकदा काकू बाजारातून घरी आल्या त्या एका पायात चप्पल घालून. दुसरी रस्त्यात कुठंतरी निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मुलगा पोट धरधरून हसला, गल्ली हसली, काकूही हसल्या. "वय झालं," म्हणाल्या, "आता पाय विसरून यायची पाळी."

मग एक दिवस लेक माहेरी आली, कडेवर पोर. एकुलता एक नातू, काकूंचा जीव की प्राण. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास त्यानं पाऊल टाकलं होतं आणि मग घरभर दुडूदुडू धावायला लागला होता. इतका की त्याच्या आजीनं, म्हणजे लेकीच्या सासूनं, दाराला आडवी फळी लावून घेतली होती. काकूंनी अंगणात हात पसरले आणि म्हणाल्या, "सोड त्याला खाली. येऊ दे माझ्याकडे पळत."

लेक जरा घुटमळली. "तो हल्ली चालत नाही गं, आई."

"चालत नाही म्हणजे?"

"चालायचा तो बंद झालाय. बसूनच असतो. शेजारणी म्हणतात नजर लागली. डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलंय. सासूबाई म्हणतात आळशी झालाय, बापावर गेलाय."

काकूंनी पोराला काखेत हात घालून उभं केलं आणि सोडलं. त्यानं एक पाऊल टाकलं, पाय फाकले, दुसरं पाऊल कुठं टाकायचं ते जणू त्याला सापडेना. खाली बसला. रडला नाही. आपल्या पायांकडं बघत राहिला, दुसऱ्या कुणाचे पाय असावेत तसा. काकू त्याला उचलायला चटकन पुढं झाल्या आणि उंबऱ्याला अडखळून त्याच्याशेजारीच धपकन बसल्या.

लेकीला हसू आवरेना. "घ्या! आजी आणि नातू एकाच शाळेतले."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी आधी पोराच्या पायांकडं पाहिलं, मग आपल्या. मग त्याचा इवलासा तळहात उलटा करून पाहिला. मऊ, ओला, आणि बोटांच्या टोकांना सालं सुटलेली.

"तुम्ही त्या पिंपातलं पाणी पिता?"

"मग काय करायचं त्याचं? तूच तर दिलंयस. याचं पाणी तर मी उकळून देते."

काकू उठल्या, भिंतीला धरून आवारात गेल्या. एका कडेला खरंखुरं पाकाचं पिंप होतं, त्याच्या बुचावर मुंग्यांची काळी रांग. पलीकडे गोडबोल्याची निळी पिंपं ओळीनं उभी, त्यांच्यावर एकही नाही. काकूंनी एका बुचाच्या आटीतले पांढरे कण काडीनं खरवडले आणि मुंग्यांच्या वाटेत टाकले. मुंग्या आल्या, थबकल्या आणि कणांना वळसा घालून पुढं गेल्या. अख्खा जन्म पिंपांत गेलेल्या बाईला मुंगी का नाही हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. उलट ताप वाचला म्हणून बरं वाटलं होतं.

त्यांनी लेकीला आणि नातवाला घरी जाऊच दिलं नाही. तिच्या सासरी फोन करवला, पिंपातलं पाणी तोंडात घालू नका म्हणून. तिकडून सासूबाईंचा आवाज आला तो फोन लांब धरला तरी ऐकू येत होता. "दिलेल्या वस्तूला आता खोट काढतात होय? परत हवं असेल तर सरळ मागा म्हणावं!"

सकाळी मुलानं गोडबोल्याची मानगूट धरली, तेव्हा त्याची सगळी गोडी उतरली आणि त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं. मिठाईचा नव्हताच तो. पाणी निवळायला वापरतात ती पूड तिथं बनत होती. काकू मुलाबरोबर फाटकाशी जाऊन बसल्या आणि आत सोडेपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी प्रयोगशाळेतली एक बाई बाहेर आली. तिनं काकूंनी आणलेलं बूच पाहिलं, मग काकूंचे हात पाहिले, आणि तिचा चेहराच उतरला.

"ही पिंपं तुमच्याकडं कशी आली? ही फोडून टाकायची असतात. विकायची नसतातच."

"आधी हे सांगा, आत काय होतं?"

"ॲक्रिलामाइड म्हणतात त्याला. पाण्यात विरघळवून येतं. आम्ही त्याची लांब साखळी जोडतो. असं समजा, एकेक मणी सुटा आहे तोवर विष. हजारो मणी ओवून माळ झाली की निरुपद्रवी. ती माळ गढूळ पाण्यातला गाळ धरून खाली बसवते. तुमच्या पिंपांत सुटे मणी होते."

"पण वास नव्हता हो." काकूंचा आवाज एवढा लहान झालेला मुलानं कधी ऐकला नव्हता. "मी हुंगलं. चुन्यावर टाकलं. बोटांवर चोळून पाहिलं."

"याला वास नसतोच. आगही होत नाही. आणि ते कातडीतून आत जातं." त्या बाईनं मान वर केली. "बोटांवर चोळून?"

"प्रत्येक पिंपाचं."

काकूंनीच विचारलं, "उकळलं तर जातं का?"

"नाही. पाणी उडतं, ते राहतं. पाय आणि हात, तिथल्या नसांवर ते बसतं. हातापायांना मुंग्या येतात, मग स्पर्शच कळेनासा होतो, तोल जातो."

"माझा नातू चालायचा. आता चालत नाही."

"ते पाणी बंद केलंत ना? मग लहान मुलाचं बहुतेक भरून येतं, वेळ लागतो पण येतं. त्याला मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांकडे न्या, मी त्यांच्याशी बोलते. घरातल्या सगळ्यांनाच दाखवा. तुमचं मात्र किती येईल ते मी सांगू शकत नाही. तुमच्या हातांनी फार घेतलंय." आणि ती पिंपं कुणी बाहेर काढली ते बघतेच, असं म्हणून ती आत गेली ती जवळजवळ पळतच.

फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर काकू बसून राहिल्या. मुलगा म्हणाला, "आई, चल. तुझी काय चूक? त्या हरामखोरानं फसवलं."

"तुझ्या बापानं मला विचारलं नाही म्हणून तो गेला, असं मी जन्मभर सांगत आले," काकू म्हणाल्या. "या वेळी सगळ्यांनी मला विचारलं होतं रे. सगळ्यांनी. आणि मी पोराला माझ्या हातानं पाजलं ते." मग त्या रडल्या, भर रस्त्यात, तोंडावर पदर न घेता.

पण रडत बसणारी बाई नव्हे ती. तिथून तशाच उठल्या, वाटेत वखारीतून छिन्नी आणि हातोडा पिशवीत घातला आणि विहिणीचं घर गाठलं. दारातली आडवी फळी अजून तशीच होती, पण तिनं अडवावं असं आता कुणी पळत नव्हतं. विहीणबाईंनी पिशवीतला हातोडा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"वा! विहिणीच्या घरी लोक फळं घेऊन येतात. तुम्ही हातोडा घेऊन आलात?"

"पिंपाला भोकं पाडायची आहेत."

"माझ्या पिंपाला? काल टँकरच्या रांगेत उभं राहून भरलंय मी ते. आणि दिलेलं असं फोडायला कुणी येतं का हो? साऱ्या गल्लीला सांगितलंय मी, विहिणीनं निवडून दिलं म्हणून. उद्या तोंड कुठं लपवू?"

"निवडूनच दिलं. सगळ्यांत वाईट निवडून दिलं." काकूंनी जे ऐकलं होतं ते सांगितलं, मणी, माळ, नसा, काहीही मागं ठेवलं नाही. विहीणबाई ऐकत होत्या, पण मान हलवत होत्या.

"कसं शक्य आहे? पाण्याला वास नाही, चव नाही. तुम्हीच तर म्हणायचात, वास नाही तर भीती नाही."

"मी चुकले."

हे दोन शब्द काकूंच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकले नव्हते, लग्नातल्या त्या भांडणातसुद्धा नाही. काकूंनी आपले दोन्ही तळहात पुढं केले, सालं निघालेले, लालसर, ओले. विहीणबाई बघत राहिल्या. मग सावकाश त्यांनी कमरेवरचे हात काढले आणि काकूंच्या हातांशेजारी धरले. तेच. तसेच.

"मला वाटलं, भांड्यांच्या पावडरीनं झालं असेल," विहीणबाई पुटपुटल्या. "परवा हातातून कप पडला. कुणाला बोलले नाही. म्हटलं, सून म्हणेल सासू थकली." मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "अहो, पोराला मीच पाजत होते ना ते. दुपारभर. वाटीवाटीनं!"

दोघी त्या पिंपासमोर उभ्या राहिल्या. काकूंनी बुडापाशी छिन्नी टेकवली, हातोडा उचलला आणि घाव भलतीकडंच बसला. बोटांना छिन्नी धरल्याचं कळतच नव्हतं. पुन्हा मारला, पुन्हा निसटला. विहीणबाईंनी त्यांच्या हातातून हातोडा घेतला. "तुम्ही दोन्ही हातांनी नुसती धरा," म्हणाल्या, "मी मारते." जाड प्लास्टिक सहजासहजी दाद देईना, पण शेवटी भोक पडलं आणि पाणी धारेनं बाहेर आलं, घरातून अंगणात आणि अंगणातून गटारापर्यंत. रांगेत उभं राहून भरलेलं पाणी. शेजारणी दारात येऊन बघत होत्या आणि पाण्याच्या टंचाईत दोन म्हाताऱ्यांना वेड लागलं असं म्हणत होत्या. विहीणबाईंनी सगळी भोकं पाडूनच हातोडा खाली ठेवला.

बाकीची पिंपं परत मिळवणं त्याहून जड गेलं. काकूंनी दारोदार जाऊन सांगितलं, ही द्या, दुसरी घ्या. काही देऊन मोकळे झाले. काही वाद घालत बसले. कोपऱ्यावरचा वेल्डर तर म्हणाला, "नाकवालीनं पास केलेलं पिंप आहे हे, काकू. वास कुठंय तो दाखवा आधी." आपलंच नाव आपल्या आड येतं ते असं. काकू त्याच्या दारात बसून राहिल्या, त्याच्या बायकोनं लेकरांचे हात तपासून पाहिले, आणि मग त्यानं स्वतःच पिंप आणून टाकलं. एक मात्र मिळालं नाही. ते नेणारं कुटुंब काम शोधत दुसऱ्या गावाला निघून गेलं होतं, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. काकू अजूनही रस्त्यानं जाताना कुणाच्या दारात निळं पिंप दिसलं की थांबतात, आत डोकावतात, कुठून आणलं ते विचारतात. लोक हसतात. हसू देत.

गोडबोल्या त्या रस्त्याला पुन्हा दिसला नाही. प्रयोगशाळेतल्या बाईनं कारखान्यात बराच आरडाओरडा केला म्हणतात, तिथं पिंपं फोडायचं यंत्र आलं. वखारीत हुंगणं बंद झालं. आता मुलगा लेबल बघतो, कारखान्यात फोन करून खात्री करून घेतो, आणि लेबल नसलेलं पिंप कितीही कोरं असो, साखरेचं असो की मधाचं, आणल्या आणल्या त्याच्या बुडाला भोकं पडतात. कुणी गिऱ्हाइकानं जुन्या सवयीनं म्हटलं, "काकू, जरा वास घेऊन सांगा ना," तर काकू सांगतात, "नाकावर विसंबले आणि घर बुडवलं होतं. जा, तो देईल ते घे."

नातवाला दवाखान्यात नेत राहिले. पाणी लांबून आणायचं, त्याचे पाय चोळायचे, भिंतीला धरून उभं करायचं, असं दोन्ही आज्यांनी वाटून घेतलं होतं. आधी तो उभा राहिला. मग खाटेच्या कडेकडेनं सरकायला लागला. विहीणबाईंच्या हातातून कप पडायचे थांबले. काकूंचं मात्र अर्धंच भरून आलं. तोल बराचसा सावरला, सालं गेली, पण बोटं परत आली नाहीत. गरम भांडं उचलताना आता त्या आधी डोळ्यांनी बघतात, वाफ निघते का.

एका सकाळी लेक आली, तिनं पोराला आवारात सोडलं आणि मागं उभी राहिली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, उठल्या नाहीत, हातही पसरले नाहीत. मागच्या वेळचं आठवत होतं. पोर निघालं. फाकलेल्या पायांनी, डुलत, पिंपांच्या रांगेमधून, एकदाही न बसता. जवळ आलं आणि काकूंच्या मागच्या भिंतीवर काहीतरी बघायला लागलं, मुंगी असावी. काकू त्याच्या पायांकडंच बघत होत्या, डोळे भरून आले होते म्हणून नीट दिसतही नव्हतं.

"आई," लेक म्हणाली, "अगं, तो तुला ओढतोय. चल म्हणतोय. केव्हाचा तुझं बोट धरून उभाय."

काकूंनी हाताकडं पाहिलं. खरंच, त्यांचं बोट त्याच्या मुठीत घट्ट होतं.

"हो का रे राजा?" त्या म्हणाल्या. "धर हं. सोडू नकोस." आणि आपल्या हाताकडं बघत बघतच त्या उठून त्याच्यामागून चालायला लागल्या.